आनंदीच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

मी एक जीवाणू बोलतोय. ऐकायचं तर भराभर ऐका, मला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. खाणंपिणं मनासारखं असलं तर वीस मिनिटांत माझे दोन होतात, आणि दोन्ही मीच!

माझा जन्म कट्टा गावच्या आनंदीच्या आतड्यातला. ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते. सारखं उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. आमच्यातले काही तिच्या मूत्रमार्गात शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. जळजळ झाली, थंडीताप आला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.

दोन दिवसांत आमची दाणादाण उडाली. तिसऱ्या दिवशी आनंदी म्हणाली, "माका आता बरां वाटता. ऱ्हवलेला औषध डब्यात ठेव, फुडे लागात."

"आये, डॉक्टरान पाच दिस सांगल्यान!" बाळंतपणाला आलेली लेक प्राजक्ता ओरडली. पण ऐकतंय कोण!

आतड्यात वाचलेल्यांत एक परका शेजारी होता. त्याच्याजवळ जनुकांचं इवलंसं कडं होतं. त्यात त्या गोळीवरचाच नव्हे, बऱ्याच औषधांवरचा उतारा होता. त्याने माझ्याकडे बारीक नळी टाकली आणि कड्याची नक्कल दिली. लग्न नाही, मूल नाही. मी तोच राहिलो, पण बदललो.

माणसांचं किती सावकाश! प्राजक्ताच्या बाळाला अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. तेही देण्याआधी आजी-आजोबांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसायचे. मग नऊ महिने थांबा आणि नाक कुणाचं ते बघा. शेजारणीचं नाक आवडलं, म्हणून मागून घेता येत नाही.

महिन्याने आम्ही पुन्हा मूत्रमार्गात शिरलो आणि ताप उलटला. आनंदीने डब्यातल्या गोळ्या खाल्ल्या. आम्हांला काहीच झालं नाही. दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलं आणि ती अंथरुणाला खिळली.

तिच्या लघवीच्या नमुन्यातून आज मी कणकवलीच्या लॅबमध्ये, एका ताटलीत आलोय. भोवती औषधांच्या सात चकत्या ठेवल्यात. सहांना मी जुमानलं नाही. सातवीभोवती मात्र रिकामं रिंगण पडलंय, तिथे माझं कुणी जगलं नाही. मला भीती वाटते, सरळ सांगतो.

रिपोर्ट घ्यायला आलेली प्राजक्ता फोनवर बोलतेय, "आये, डबो रिकामो केलंय. ह्या खेपेक सगळा औषध माज्या समोर घेवचा."

माझे भाऊबंद अजून आनंदीच्या पोटात आहेत. वाचकहो, तिला कुणीतरी समजवा ना! दोन दिवसांत बरं वाटेल तिला. मग उरलेल्या गोळ्या राहू द्या डब्यात. आमच्यासाठी.