ओहोळाकाठचे पाइन

पावसाने सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला, तेव्हा वनखात्याच्या कचेरीत सगळ्यांना काळजी लागली ती टेकडीवरच्या पाइनची. खडकात उगवलेली ती खुरटी, वाकडी झाडं आधी मरणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. साहेबांनी फर्मान काढलं, टेकडी विरळ करा, उरलेल्यांना पाणी पुरेल. खाली ओहोळाकाठची राई सरळसोट आणि गर्द हिरवी, तिची चिंता कुणी कशाला करेल?

कचेरीतल्या मोजणीदार बाईच्या वडिलांनी ती राई लावली होती. तीस वर्षांपूर्वी, वनरक्षक असताना, एकेक रोप स्वतःच्या हाताने.

बाई पोकळ गिरमिट घेऊन आधी टेकडीवर गेली. ते खोडात फिरवून पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढायची आणि भिंगाखाली वर्षावर्षाची वलयं मोजायची. टेकडीवरच्या झाडांची वलयं पहिल्यापासूनच बारीक होती. ती ओढगस्तीतच वाढलेली. पाणी आटलं की पानांची रंध्रं मिटून गप्प बसायची. या तीन वर्षांनी त्यांना फारसं काही केलं नव्हतं.

ओहोळाकाठची वलयं काडेपेटीतल्या काडीएवढी रुंद निघाली. शेवटची दोन मात्र केसाएवढी. पाणी हाताशी होतं तोवर मुळं वरवरच राहिली, शेंडे मात्र फोफावले. आता ओहोळ कोरडा पडला होता. तळहाताला फोड येईपर्यंत बाईने चाळीस झाडं तपासली. सगळीकडे तेच.

"हिरवीगार तोडायची आणि मरतुकडी ठेवायची?" साहेब म्हणाले. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, साहेब. खालची तिसरा हिस्सा झाडं काढली तर बाकीची तगतील. जबाबदारी माझी, लिहून देते."

साहेबांनी आकडे दोनदा वाचले. "बरं. पण तुमच्या वडिलांना तुम्हीच सांगा. मला जीव प्यारा आहे."

घरी बाबांनी ताट बाजूला सारलं. "माझ्या झाडांत गिरमिट घातलंस?"

"चाळीस वेळा."

"आणि आता कुऱ्हाड घालणार."

"हो, बाबा. नाही घातली तर सगळीच जातील." तिने एक कांडी आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवलं.

ते बोटाने वर्षं मोजत गेले. "हे तू शाळेत गेलीस तेव्हाचं... हे माझ्या निवृत्तीचं..." मग थबकले. "इथे तर काहीच नाही."

"आहे. भिंग जवळ धरा."

त्यांनी पाहिलं आणि उठून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात बूट चढवताना दिसले, शेजारी लाल रंगाचा डबा.

"कुठलं काढायचं ते तुझ्या साहेबाला काय कळतंय? खुणा मी करतो."

दिवसभर ते एकेका खोडापाशी थांबले, शेंडा पाहिला, ब्रश टेकवला. एकदाच म्हणाले, "हे राहू दे." बाईने झाडाकडे पाहिलं. शेंडा वाळत आला होता. ती म्हणाली, "नाही, बाबा." त्यांनी खूण केली.

पाऊस चौथ्या वर्षी आला, तोही उशिरा. तोवर राईतली अकरा झाडं गेली होती, टेकडीवरची दोन. ओहोळाच्या पलीकडच्या वळणावर त्याच वयाची, हात न लावलेली राई मात्र अर्धी करपली. साहेबांनी बाईला बोलावून तिथलं काम तिच्यावर सोपवलं. दुसऱ्या दिवशी ती आणि बाबा तिकडे निघाले. बाबांचा गुडघा दुखत होता, पण ते पुढेच चालत होते.