तोंडातली शिट्टी

अनिस सर कॉलेजात असताना आठशे मीटरला जिल्ह्यात पहिले आलेले. नंतर सारी हयात त्यांनी निमोण्यात आम्हा पोरींना पळायला शिकवलं. शिट्टी वाजली की पळायचं, विचार करायचा न्हाई.

त्या सकाळी आम्ही रस्त्यावर पळायच्या तयारीत वाकलो होतो. सरांच्या तोंडात शिट्टी होती. तेवढ्यात उसातून बिबट्या बाहेर आला आन् आमच्याकडं बघत थांबला. पळणाऱ्याच्याच मागं तो लागतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय.

सरांना हात हलवायची सोय नव्हती. भीतीनं त्यांना धाप लागली, शिट्टीतला मणी थरथरायला लागला. मी मनात ओरडले, सर, मेलात तरी फुंकू नका!

सरांनी श्वास कोंडून धरला. बिबट्या वळून उसात गेला. सर मटकन खाली बसले, कोंडलेला श्वास सुटला आन् शिट्टी जोरात वाजली.

पहिल्यांदाच आमच्यातली एकही पळाली न्हाई.