झाडणीची तूर

गेवराईच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या तुरीच्या गोदामात मैनुद्दीन एकवीस वर्षं कीपर होता. त्यातली शेवटची दोन वर्षं कंपनीचा कॉम्प्युटर त्याच्या डोक्यावर बसला होता. पोतं आलं की नोंद, हललं की नोंद, गेलं की नोंद. माणूस शिंकला तरी नोंद करायला लावतील, असं तो पूर्वी हमालांना म्हणायचा. आता तेवढं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

गोदामाचा एक जुना रिवाज होता. हमालांच्या हुकांनी पोती फाटतात, तूर सांडते. ती झाडून, पाखडून गोदामाची झाडलोट करणाऱ्या भामाबाईनं घरी न्यायची. तिला वेगळा पगार नव्हता. झाडणी हीच तिची मजुरी. महिन्याकाठी पोतंभर व्हायची, त्यात तिच्या घरची डाळ भागायची आणि उरलेली विकून तेलमीठही. जुन्या वहीच्या काळात याला कुणी तूट म्हटलं नाही.

कॉम्प्युटर मात्र ते पोतं बरोबर पकडायचा आणि कारण मागायचा. कारणं चारच: ओल, चोरी, उंदीर, वाहतूक. तूर तर खडखडीत वाळलेली, आणि भामाबाईच्या वाट्याला चोरी लिहायला त्याचा हात धजेना. मग दर महिन्याला तो उंदरावर बोट ठेवायचा आणि सुटायचा.

दोन वर्षांत उंदरांनी चोवीस पोती फस्त केली म्हटल्यावर हेड ऑफिसातून पिंजरे घेऊन माणसं आली. आठ दिवस भजी लावून बसली. सापडली एक चिचुंद्री. साहेबांनी फोनवर विचारलं, उंदीर नाहीत तर खातंय कोण? मैनुद्दीननं खरं ते सांगितलं. बाईला पगारावर घ्या, असंही चाचरत सुचवलं. तशी जागा मंजूर नाही, साहेब म्हणाले, आणि पुढच्या महिन्यापासून तूट शून्य पाहिजे, नाहीतर दुसरा कीपर बघू. मैनुद्दीनची अजून दीड वर्षाची नोकरी बाकी होती. तो 'जी' म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर स्वतःवरच चिडला.

दुपारी भामाबाई दारात सूप घेऊन बसली होती. उद्या सांगू, असं त्याला फार वाटलं. पण उद्या काय तोंड बदलणार होतं? त्यानं सगळं सांगून टाकलं. ती पाखडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "इतके दिस माझं काय लिवत व्हता?"

त्याला खोटं सुचलं नाही. "उंदीर," तो म्हणाला.

सूप थांबलं.

"मैनुभाई, चोर लिवलं आसतं तर म्या भांडले तरी आसते."

सुपातली तूर तिनं कंपनीच्या पोत्यात ओतली, पदराला चिकटलेले दाणेसुद्धा झटकले, आणि सूप बगलेत मारून निघून गेली. मैनुद्दीनला हाक मारायची होती, पण कोणत्या तोंडानं मारणार?

दुसऱ्या दिवशी भामाबाई आली नाही. मैनुद्दीननं स्वतः खराटा घेतला. गुडघे धरले, पाखडायला तर येतच नव्हतं. खडेमातीसकट तूर त्यानं पोत्यात भरली. महिनाभर हेच चाललं. महिनाअखेर कॉम्प्युटरनं तूट शून्य दाखवली आणि साहेबांचं अभिनंदन आलं. भामाबाईचं नाव कमी करायचं म्हणून त्यानं कामगारांची यादी उघडली. वरून खाली दोनदा पाहिली. तिचं नाव तिथं कधी नव्हतंच.