अगदी मापात बसलेला फिल्टर

मी बोलतोय ते एका जुन्या मोटारसायकलच्या पोटातून. चहूबाजूंनी तेल साचलंय, डोक्यावर स्प्रिंग दाबून बसली आहे, आणि मला इतका आनंद झालाय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. मी एक ऑईल फिल्टर आहे. उंचीला जेमतेम तुमच्या मधल्या बोटाएवढा. इंजिनात फिरणारं तेल माझ्यातून जातं. त्यातला लोखंडाचा चुरा आणि काजळी मी अडवून धरतो आणि चांगलं तेल पुढे सोडतो. काम एवढंच. पण ते मिळायला मला एकवीस वर्षं वाट बघावी लागली.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. यंत्राने पिवळसर कागदाला पडद्याच्या चुण्यांसारख्या बारीक घड्या घातल्या, दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या बसवल्या. एक चकती बंद, दुसरीला मधोमध भोक आणि भोकाला रबराची कडी. ते भोक म्हणजे माझं तोंड. शेवटी एक चष्मेवाली बाई आम्हाला एकेक करून दिव्यासमोर धरायची. तिने मला दोनदा फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून खोक्यात ठेवलं. मला वाटलं, आता चार दिवसांत कुठल्यातरी इंजिनात.

कसले चार दिवस! स्पेअर पार्टच्या एका दुकानात मी वरून दुसऱ्या फळीवर जाऊन बसलो तो बसलोच. माझ्या मापाच्या गाड्या हळूहळू रस्त्यावरून नाहीशा झाल्या. खोक्यावरच्या नंबराचा शेवटचा आकडा कसर लागून गेला. शेजारचे बल्ब गेले, केबली गेल्या, नवे आले, तेही गेले. दुकानदारकाकांचे गुडघे धरले, तसे ते वरच्या मजल्यावरच्या घरीच बसू लागले आणि गल्ल्यावर त्यांचे जावई आले.

मग एका शनिवारी सकाळी एक बाई धावतपळत दुकानात शिरली. दातांची डॉक्टर होती ती. दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर, आणि नखांत काळं ग्रीस. तिच्या आईची जुनी मोटारसायकल तिने सुट्टीच्या दिवसांत खोलून पुन्हा बांधली होती. आता फक्त फिल्टर हवा होता, आणि तोही आजच. सोमवारी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर किक मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला त्याआधी एकदा, निदान एकदा, ती गाडी स्वतः चालवायची होती.

जावईबापूंनी समोरचा एक चकचकीत निळा फिल्टर उचलला. हाच सगळ्यांना बसतो, बिनधास्त घेऊन जा, म्हणाले. बाई आनंदाने गेलीसुद्धा. मी फळीवरून बघत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

दुपारी ती परत आली. या वेळी बरोबर आई होती. पंचाहत्तरीची, काठी टेकत येणारी, पण नजर अशी की जावईबापू आपोआप उठून उभे राहिले. काय झालं ते डॉक्टरबाईंनी सांगितलं, ते मी जसंच्या तसं ऐकलं. निळा फिल्टर बसवला, झाकण आवळलं, गाडी सुरू झाली, आणि त्यांनी आनंदाने अंगणात उडीच मारली. आई खुर्चीत बसून ऐकत होती. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तोच ती म्हणाली, "बंद कर."

"का गं? मस्त चाललंय की."

"वरून टकटक येतेय. तेल वर पोचत नाहीये. बंद कर आधी."

मुलीने बंद केलं. झाकण उघडून पाहिलं, तर निळा फिल्टर चेपला होता. मापापेक्षा तीन मिलिमीटर जास्त उंच होता तो. झाकणाने दाबल्यावर घड्या मिटल्या आणि तेलाची वाट जवळजवळ बंद झाली.

तीन मिलिमीटर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण आई ते का ऐकू शकली, हे तिने तिथल्या स्टुलावर बसून सांगितलं. ती नर्स होती. बावीस वर्षं ती त्याच गाडीवरून वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करायला जायची. एकदा गॅरेजवाल्याने घाईत भलताच फिल्टर बसवला, आणि निघाल्यावर अर्ध्या वाटेत इंजिन कोरडं पडून जाम झालं. पिशवी खांद्याला लावून ती चार किलोमीटर चालत गेली. पोचली तेव्हा बाळ जन्मलेलं होतं. दोघंही सुखरूप होती, पण ती बाळंतीण चाळीस मिनिटं एकटीच होती. "त्याआधी दोन मैल ही टकटक वाजत होती," आई म्हणाली. "मला कळली नव्हती. आता कळते."

इंजिनाचं सिलिंडर तेव्हापासून दोनदा आतून कापून मोठं केलेलं होतं. आता बसवलाय त्यापेक्षा मोठा पिस्टन मिळत नाही. पुन्हा कोरडं पडलं, की संपलं.

जावईबापूंचा चेहरा पडला. त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, आणि कठडा धरत, एकेक पायरी उतरत काका खाली आले.

"सिस्टर, तुम्ही?" ते म्हणाले. "ती गाडी अजून आहे?"

मग जी काय धमाल उडाली! काकांनी टेबल रिकामं करायला लावलं. डॉक्टरबाईंनी पिशवीतून झाकण, स्प्रिंग आणि फिल्टर ज्या नळीवर बसतो ती नळी काढली. फिल्टर ज्यात बसतो तो कप्पा किती खोल आहे ते त्यांनी दवाखान्यातल्या साधनांनी मोजून औषधाच्या चिठ्ठीवर लिहून आणली होती. दात बघायच्या छोट्या आरशाने आत डोकावून, तळाशी वॉशर जागेवर आहे हेही पाहून आल्या होत्या. काकांना हा प्रकार फारच आवडला. आईच्या जुन्या डायरीत फिल्टरचा नंबर होता. तेवढ्यावरून जावईबापूंनी शिडी लावून सुरुवातीचे आकडे जुळणारी अकरा खोकी खाली काढली, आणि त्यांत मी होतो!

एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं प्लॅस्टिक फाडत होतं.

उंचीवरून सात जण बाद झाले. जाडीवरून दोघे. शेवटी उरलो मी आणि माझा शेजारी, दोघांच्याही खोक्यावरचा शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला. शेजारी आधी नळीवर चढला आणि गोल गोल फिरू लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बसला की. काकांनी मान हलवली. सैल बसला तर तेल त्याच्यातून जाणारच नाही, बाजूच्या फटीतून न गाळताच आत शिरेल, म्हणाले.

मग मी. नळी माझ्या तोंडात अशी घट्ट गेली की काकांनी मला सोडून दिलं तरी मी पडलो नाही. सगळे हसले. आणि तेवढ्यात काकांनी नखाने माझी रबराची कडी दाबली. तिचा तुकडा पडला.

बाईंच्या तोंडाकडे बघवेना. पण काका शांतपणे म्हणाले, "रबर म्हातारं होतं हो, कागदाला काही झालेलं नाही." त्यांनी मला उजेडासमोर धरून हळूहळू फिरवलं, वास घेतला, ओल कुठे नाही ना ते पाहिलं. मग ड्रॉवरमधून त्याच मापाची नवी कडी काढून बसवून दिली. आईने ती स्वतः बोटाने चाचपली आणि मला रुमालात गुंडाळलं.

रविवारी सकाळी मला बसवलं. मुलीच्या हातात मी, आणि शेजारच्या खुर्चीतून आई सांगतेय. कडीला तेलाचं बोट लाव. तोंड आतल्या बाजूला, उलटा बसवलास तर सगळं पालथं. वॉशर ठेव, मग स्प्रिंग. झाकण हाताने पूर्ण फिरवून घे, मगच पाना. मुलगी दिवसभर लोकांना सूचना देणारी, पण इथे निमूट ऐकत होती. मग स्पार्क प्लग काढून, इंजिनाच्या डोक्यावरचा एक बोल्ट सैल करून, तेल वर चढवायला तिने नुसत्याच किका मारल्या. सहाव्या किकला माझ्याकडे पहिलं तेल आलं. काय सांगू! माझी घडीन् घडी भिजली. कागद किती वर्षं कोरडा होता, ते मला तेव्हा कळलं. पंधराव्या किकला वरच्या बोल्टापाशी तेलाचा थेंब चमकला.

"आलं," आई म्हणाली. मुलीने बोल्ट आणि प्लग परत आवळताच ती पुढे म्हणाली, "आता सरक तू."

मुलगी नको नको म्हणत राहिली. गुडघा, उद्याचं ऑपरेशन, सगळं बोलून झालं. आईने काठी तिच्या हातात दिली, आणि किक मारली. दुसरी मारताना तिचा ओठ दाताखाली गेलेला होता. तिसऱ्या किकला इंजिन धडधडायला लागलं. आईने मान तिरकी करून एक मिनिट ऐकलं, दोन मिनिटं ऐकलं. टकटक नव्हती. मग ती म्हणाली, "बस मागे."

त्या दिवशी आम्ही कालव्याच्या रस्त्याने एकतीस किलोमीटर गेलो. माझ्यातून लिटरच्या लिटर तेल धावत होतं, इंजिन बांधताना आत राहिलेला चुरा मी घडीघडीत पकडत होतो, आणि वर त्या दोघी एकमेकींना ऐकू येत नसतानाही बोलत होत्या.

त्याला आता दोन महिने झाले. मी काळा पडलोय, जड झालोय. पाचशे किलोमीटर भरले की मला काढणार, नवा बसवणार, हे ठरलेलंच आहे. नव्या बांधलेल्या इंजिनाचा पहिला फिल्टर लवकरच काढतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. काकांनी माझ्याच मापाचे दोन शोधून ठेवलेत, त्यांच्या खोक्यांवर जावईबापूंनी ठळक अक्षरांत पूर्ण नंबर लिहिलाय. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे, की जुन्या इंजिनासाठी फिल्टर घेताना रंग बघू नका. उंची मोजा, तोंड मोजा, रबर दाबून बघा. दहा मिनिटं जातील, पण इंजिन वाचेल.

आत्ता बाहेर पावलं वाजतायत. आईची, आणि तिच्याबरोबर काठीचा आवाज नाही. ती मुलीला सांगतेय, किक तू मार, पण चालवणार मीच. मुलगी हसतेय. चारशे बारा किलोमीटर झालेत. म्हणजे अजून अठ्ठ्याऐंशी आहेत माझे. येतो मी, किक बसली!