बादलीतला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, नव्या बाथरूमची भिंत शेवटी पाडावी लागली, हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. या घरात अशी काही भिंत पाडल्याचं कोणालाच आठवत नाही. मी यांच्याच खिळ्याला टांगलेला असतो, तेव्हा मीही तसं काही घडलंच नाही असं धरून सांगतो.

ज्यांनी ओळंबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एक दोरी असते आणि तिच्या टोकाला पितळेचा जड गोळा असतो. तो मी. वर दोरीत माझ्याच पोटाएवढ्या रुंदीचा लाकडी ठोकळा ओवलेला असतो. तो माझा भाऊ. भावाला भिंतीच्या वरच्या टोकाशी टेकवायचं आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. लांब राहिलो तर ती वरून पुढे झुकलेली. तिच्यावर रेलून पडलो तर ती मागे कललेली. एवढंच माझं शिक्षण. पण अट अशी, की मी थांबेपर्यंत थांबायचं. माझा जन्म गरगर फिरणाऱ्या यंत्रावर झाला, त्यामुळे चुळबुळ माझ्या रक्तातच आहे.

हे घर ज्यांनी बांधलं, त्यांनी मला आणलं. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः विटा रचत. त्यांची बायको शिडीवर चढून भावाला धरी आणि ते खाली उकिडवे बसून मला बघत. ती वरून विचारायची, "थांबला का?" ते खालून म्हणायचे, "थांबतोय." त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं एवढंच होतं, आणि त्यावर चार खोल्या उभ्या राहिल्या. शेजारीपाजारी मला उसना नेत आणि परत देताना माझी स्तुती करत. ती कानांवर घ्यायला मला कान नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मग ते गेले. घर सरळच उभं होतं, त्यामुळे मला विचारायचं कोणाला काही उरलं नाही. वाऱ्याने खिडकीचं झडप आपटू नये म्हणून मला तिथे बांधलं. अकरा वर्षं मी त्या झडपाची समजूत काढत होतो.

यंदा आई, म्हणजे शिडीवरची तीच बाई, जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाथरूम वरच्या मजल्यावर, म्हणून तिला लेकीकडे ठेवलं. दोन महिन्यांनी ती वॉकर घेऊन चालू लागली आणि तिने मुलाला फोनवर बजावलं, "छोटू, न्हाणीपर्यंत मला कोणी उचलून नेणार असेल, तर मी इथेच बरी. मग माझे कपडेही इकडेच पाठवून दे."

छोटूचं वय सत्तेचाळीस. त्याने लगेच सांगितलं, "पुढच्या रविवारी ये. खाली बाथरूम तयार असेल."

मित्रांनो, घराचं काम काढायचं असेल तर आधी काम ठरवा आणि मग तारीख. इथे तारीख आधी ठरली. घरात कोणाचंच बूड टेकेना. छोटू जेवताना पाय हलवायचा, त्याने टेबल हलायचं, टेबलाने आमटी हलायची. मदतीला आलेला त्याचा मेहुणा मोबाइलवर घरबांधणीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघायचा. मिस्त्री तेवढा एकटा सावकाश होता, म्हणून सगळे त्याच्यावर चिडलेले.

गुरुवारी दाराकडची भिंत उभी राहिली. मिस्त्रीचा ओळंबा दुसऱ्या कामावर राहिला होता.

"आमच्या बाबांचा आहे," छोटू म्हणाला आणि त्याने मला खिडकीतून सोडवलं. अकरा वर्षांनी मला काम मिळालं.

खोलीत पंखा गरगरत होता. समोरच्या भिंतीचं प्लास्टर लवकर वाळावं म्हणून मेहुण्याने तो लावला होता. प्लास्टरला खरं तर आठवडाभर पाणी पाजायचं असतं; वारा घातला की ते तडकतं.

"पंखा बंद करा आणि मग बघा," मिस्त्री म्हणाला आणि वाळू चाळायला बाहेर गेला.

"बंद केला तर प्लास्टर ओलं राहील," मेहुणा म्हणाला.

पंखा चालू राहिला. छोटूने भावाला वर टेकवलं आणि मला सोडलं. मी हेलकावे खाऊ लागलो. भिंत वरून दीड बोट पुढे आली होती, हे मला दिसत होतं. मी जीव तोडून ओरडलो. पण ओळंब्याचं ओरडणं म्हणजे हलणं, आणि हलत तर मी आधीपासूनच होतो.

"टेकला... सुटला... टेकला," छोटू मोजत होता. "कधी म्हणायचं सरळ?"

"भावोजी, दहा वेळांत सात वेळा टेकला," मेहुणा म्हणाला. "सत्तर टक्के. फर्स्ट क्लास आहे."

भिंत पहिल्या वर्गात पास झाली. तिच्याच रेषेत दाराची चौकट बसली आणि चौकटीत दार.

रविवारी आई आली. वॉकर पुढे टाकत, कोणाचाही हात न धरता ती बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिने दार उघडून आत पाऊल टाकलं. दार मागून आपणहून आलं आणि तिच्या पाठीला लागलं. तिने ते ढकललं. ते पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी वॉकर तिरका झाला आणि सुनेने तिला धावत जाऊन धरलं.

"अशी दारं विमानतळावर असतात," मेहुणा म्हणाला.

"विमानतळावर मला अंघोळ करायची नाही," आई म्हणाली.

छोटू खाली बघत म्हणाला, "आई, थोडे दिवस तुझी सून धरेल ना दार."

आईने वॉकर वळवला. "माझी पिशवी अजून सोडली नसेल, तर सोडू नका."

दोन पावलांवर ती थांबली आणि तिने विचारलं, "यांचा ओळंबा कुठाय?"

मला आणलं. तिने पंखा बंद करायला लावला, खिडकी लावून घेतली आणि बादलीभर पाणी मागवलं.

"छोटू, चढ वर. ठोकळा भिंतीला धर. गोळा पाण्यात बुडू दे, तळाला टेकू देऊ नको."

मित्रांनो, पाण्यात गोळा लवकर शांत होतो. हे लिहून ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल. मी बुडालो. पाण्याने मला चहूबाजूंनी धरलं आणि जन्मल्यापासूनची माझी भोवळ उतरली. आई खुर्चीवर वाकून बघत होती.

वरून छोटूने विचारलं, "थांबला का?"

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता.

"थांबतोय," ती म्हणाली. आणि मग, "थांबला. ये खाली, बघ स्वतः."

दोरी आणि भिंत यांच्यामध्ये खाली जास्तीचं दीड बोट होतं. छोटूने दोनदा बघितलं.

"पाडतो," तो म्हणाला.

"पाड. मी दारात खुर्ची टाकून बसते. आणि या वेळी तारीख सांगू नको."

सोळा दिवस लागले. तिने ते नाराजीने का होईना, कोपऱ्यातल्या तात्पुरत्या आडोशात अंघोळ करून काढले, पण पिशवी सोडली. सतराव्या दिवशी दार जिथे सोडलं तिथेच उभं राहिलं. ती आत गेली, तिने आपल्या हाताने दार लावलं आणि आतून आवाज आला, "बाहेर गर्दी करू नका."

ती भिंत पहिल्यापासून अशीच सरळ होती, असं छोटू आता पाहुण्यांना सांगतो. मी बाथरूमबाहेरच्या खिळ्याला असतो. वर पंखा आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी हत्यारं खिडक्यांना बांधू नका, आणि विचारलंत तर उत्तरासाठी थांबा. माझं स्वतःचं मागणं वेगळं आहे, ते रीतसर मांडतो:

प्रति, पृथ्वीचे ओढणे खाते. विषय: अर्ध्या तासाची सवलत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार गेली चाळीस वर्षे आपल्या आदेशानुसार सरळ खालीच बोट दाखवीत आहे. तरी आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आपले ओढणे बंद ठेवण्यात यावे, जेणेकरून स्वतःच्या मर्जीने आपण कोणत्या बाजूला गेलो असतो हे अर्जदारास पाहता येईल. सोबत दोरी जोडली आहे. कळावे.