फोटोतल्या बाईची ज्वारी

आमच्या लातूरच्या संस्थेकडे एक परदेशी सर्व्हे आला. प्रश्न एकच: आपल्या सरकारनं जगातल्या गरीब देशांना मदत करावी का? उत्तरं तीन: हो, नाही, सांगता येत नाही. संस्थेचे दयानंद सर नंतर प्रत्येक घरी फोन करून खातरजमा करणार, आणि एक जरी फॉर्म खोटा निघाला तर माझं काम बंद. दोन वर्षं चपला झिजवून मिळालेलं काम होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

जळकोटच्या पुढच्या त्या गावात पहिल्याच घरी मी कपाळाला हात लावला. सर्व्हेवाली आली म्हणजे घरकुलाची यादी निघाली, असं गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. व्यंकटरावांनी फ्रिजवर गोधडी टाकली होती आणि तिला टेकून बायकोला कण्हत बसवलं होतं. गोधडीतून घरघर ऐकू येत होती.

"मावशींना दम लागतो का?" मी विचारलं.

"लई दिसाचा हाय," व्यंकटराव म्हणाले.

"बरं, गरीब देशांना मदत करावी का?"

"आधी आमचं नाव टाका की! आमच्याहून गरीब कोन हाय?"

अशी चोवीस घरं झाली; सरळ 'नाही' कुणीच म्हटलं नाही. डोकं नुसतं भणभणत होतं. पंचविसावं घर साखराआजींचं. सत्तरीची एकटी बाई, दारात ज्वारी पाखडत बसलेली. तिनं काही लपवलं नव्हतं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी सर्व्हेचं कार्ड पुढे धरलं. त्यावर आफ्रिकेतल्या एका बाईचा फोटो होता, डोक्यावर घागर आणि काखेत लेकरू.

"नाव काय हिचं?" आजीनं विचारलं.

"नाव नाही आजी. नमुन्याचा फोटो आहे."

"आसं कसं? आईबापानं ठिवलं आसंल की. पानी लांबून आनती का?"

"लांबून आणते, खायलाही नाही," मी वैतागून म्हणाले. "सरकारनं मदत करावी का? हो की नाही, एवढंच सांगा."

"न्हाई."

"का?"

"सरकारच्या हातानं दिल्यावर हिच्या पदरात काय पडंल? मधल्यामधीच गडप. न्हाईच लिव्ह."

मी लिहिलं आणि उठले. तेवढ्यात आजीनं सुपातली ज्वारी पिशवीत ओतली आणि पिशवी माझ्या हातात कोंबली.

"ही तिला पोचती कर. लेकराला भाकर हुईल."

"आजी, ती समुद्रापलीकडं राहते!"

"मग तू लातूरला चाललीस की. तिथून कुनाच्या तरी हाती दे."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बस यायची वेळ झाली होती, मी पिशवी घेऊन निघाले. चार दिवस मी त्याच ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या.

पाचव्या दिवशी सरांनी माझ्यासमोरच आजीला फोन लावला.

"आजी, गरीब देशांना मदत करावी का?"

"न्हाई म्हनले की त्या पोरीला."

सरांनी फॉर्मवर 'खातरजमा झाली' असा शिक्का मारला. "मदतीला विरोध, पंचवीसपैकी एक," ते पुटपुटले आणि फोन ठेवायला गेले.

"आवो सायेब," पलीकडून आजी ओरडली, "त्या बाईला जवारी पुरली का? नसंल तर पोरीला परत धाडा. आजून हाय."

"कसली ज्वारी?" सरांनी मला विचारलं. माझं काम वाचलं होतं, आणि मला आयुष्यात कधी नव्हे एवढी लाज वाटत होती.