पाच वेळा चांगभलं

"मावशी, हात काढा!" प्रसेनजीत ओरडला, तेव्हा बायडाबाईंचं बोट राउटरच्या बटणाला टेकलंच होतं.

"आरं, दिवं गेल्यात की सगळं!"

"जाऊ देत. आत नवं सॉफ्टवेअर चढाय लागलंय. आत्ता बटण बंद केलासा तर डबा कायमचा गेला."

बाईंनी हात मागं घेतला, पण चेहरा फसवणूक झाल्यासारखा. त्यांचंही खोटं नव्हतं. पतसंस्थेच्या मुरगूड शाखेत त्या शिपाई. नेट गेलं की राउटरचं कंत्राट असलेल्या प्रसेनजीतला कोल्हापूरला फोन लावायचा, हे काम मॅनेजरनं त्यांच्याच गळ्यात घातलेलं. आणि फोनवर हाच शिकवत आलेला : बटण बंद करा, थोडं थांबा, चालू करा. थोडं म्हणजे किती? "तुमच्या देवाचं नाव पाच वेळा घ्या." तेव्हापासून घरी बुद्धवंदना म्हणणारा प्रसेनजीत कानाला फोन लावून 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' ऐकत आला होता. मध्ये त्यानं घाई केली, तर बाई पहिल्यापासून सुरू करायच्या. आज मात्र अपग्रेडसाठी तो स्वतःच आला होता.

मॅनेजर विजयसिंह केबिनबाहेर आले. "प्रसेनजीतराव, माणसं खोळंबल्यात."

"साहेब, धा मिनिटं."

"मघाशीबी धाच म्हणालासा. यष्टीची धा मिनिटं व्हय ही?"

प्रसेनजीत बसला, उठला, पुन्हा बसला. सौदा दोन्हीकडून तोट्याचा होता. अपग्रेड फसलं तर कंत्राट आजच जाणार. नीट झालं तर सगळ्या शाखांचे राउटर पुण्याची कंपनी तिथूनच सांभाळणार, म्हणजे कंत्राट पुढच्या महिन्यात जाणार. बसलोय तीच फांदी तोडायची, आणि ती सरळ तुटावी म्हणून घामही आपणच गाळायचा.

डबा काळाठिक्कर.

"मग मी काय करू?" बायडाबाई म्हणाल्या.

"नुसतं चांगभलं म्हणा. बटण न्हाय."

बाईंनी हात जोडून सुरुवात केली. बाहेरच्या रांगेला वाटलं आत पूजा चाललीय, तिनंही "चांगभलं!" म्हणून साथ दिली. प्रसेनजीतचे ओठ हलले की नाही, ते विचारू नये. पाच वेळा कधीच म्हणून झालं होतं, तेव्हा हिरवा दिवा लागला.

लगेच पुण्याचा फोन. "येस सर, दिसतोय आम्हाला. आता साइटवर कुणी जायची गरज नाही."

"आता बंद पडलं की तुलाच फोन न्हवं?" बाईंनी विचारलं.

"आता पुण्यास्नंच बघत्यात, मावशी."

"पुण्यावाला चांगभलं म्हणू देतोय व्हय?"

प्रसेनजीतनं गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळली.

स्टँडवर बाकाला टेकतो न टेकतो, तोच फोन वाजला. मावशी. तो बाकावरून ताडकन उठला. "बंद पडलं?"

"न्हाय रं. हिरवाच हाय. सांगतो म्हटलं."

"बरं केलासा."

बायडाबाईंना फोन कापता येत नसे. नेहमी तोच कापायचा. आज त्यानं कापला नाही. पलीकडून शिक्क्यांचे ठोके येत होते, पंख्याची कुरकुर, विजयसिंहांचा कुणावर तरी चढलेला आवाज. कोल्हापूरची गाडी लागली, निघूनही गेली. फोन कानालाच होता.